रजेच्या अर्जांतील एक रकाना

रजेच्या अर्जांत ‘कारण’ या नांवाचा जो एक आंखूड रकाना असतो, त्याच्याइतकी मनुष्यस्वभावाची पारख करणारी जागा दुसऱ्या कोणत्याहि छापील कागदावर नसेल. आजारांतहि जाती आहेत, हें तेथें कळतें. मूतखडा हा कुलीन आजार. ज्याचा खडा पडला तो गृहस्थ अध्यापककक्षांत त्याचा आकार बोटांनीं दाखवितो, आणि ऐकणारे आदरानें माना डोलावतात. हृदयविकार त्याहून प्रतिष्ठित. मधुमेह तर आतां इतका घरचा झाला आहे कीं, चहा सांगतांनाच त्याची ओळख करून देतात. परंतु कांहीं आजार त्या रकान्यांत मावत नाहींत. त्यांच्या जागीं आपण ‘प्रकृति-अस्वास्थ्य’ असें लिहितों आणि कागद पुढें सरकवितों.

अडीच वर्षांपूर्वीं आम्हांस अशाच एका आजारानें गांठलें. डॉक्टर त्यास डिप्रेशन म्हणतात. मराठींत नैराश्य हा शब्द रूढ झाला आहे, आणि तोच पुष्कळ घोटाळ्यास कारण होतो. निराशा होते ती कांहींतरी हातचें गेल्यामुळें. आमचें तर कांहींच गेलें नव्हतें. मुलगी नोकरीस लागली होती, घराचें कर्ज फिटलें होतें. तरीहि पहांटे तीन वाजतां जाग येई ती पुन्हा डोळा न लागण्यासाठींच. ज्या इंग्रजी कविता वर्षानुवर्षें शिकविल्या, त्यांवर बोलूं लागलें असतां वाक्याचा शेवट हातीं लागेना. वीस उत्तरपत्रिकांस अख्खा दिवस पुरेना. पुरणपोळी आणि पिठलें यांची चव एक झाली. हें प्रथम लक्षांत आलें तें आमच्या कुटुंबाच्या. ‘तुम्ही हंसलात त्याला किती दिवस झाले?’ असें तिनें एका रात्रीं विचारलें, आणि उत्तराची वाट न पाहतां नागपूरच्या एका मनोविकारतज्ज्ञांची वेळ ठरविली. गोळ्यांचा गुण येण्यास कांहीं आठवडे लागतील, असें त्यांनीं आधींच बजावलें होतें. आणि तसेंच झालें.

काटोलाहून नागपूर साठेक किलोमीटर. एवढें अंतर आमच्याकडील मनुष्य दांत काढण्यासाठींहि जातो. त्यामुळें नागपूरास कां गेलां होतां, असें सहसा कोणी विचारीत नाहीं. एकदां मात्र दवाखान्याच्या बांकावर आमच्या गांवचे एक व्यापारी भेटले. ‘काय सर, इकडे कुठें?’ ‘सहज.’ ‘आम्हीहि सहजच.’ मग दोघांनीं तासभर संत्र्याच्या भावावर बोलून वेळ काढला. नागपूरचें मनोरुग्णालय १८६४ सालचें. त्याचें आजचें सरकारी नांव प्रादेशिक मनोरुग्णालय. परंतु जवळच्या चौकास लोक अजून पागलखाना चौक म्हणतात. त्या दिवशीं बांकावर आमच्या दोघांच्या मध्यें तोच शब्द बसला होता. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें २०१५-१६ सालीं बारा राज्यांत पाहणी केली, तींत दर वीस प्रौढांपैकीं सुमारें एकास आयुष्यांत केव्हांना केव्हां हा आजार झाल्याचें दिसलें. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. पण काटोलचीं माणसें निराळ्या मातीचीं आहेत असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणजे साठ माणसें काम करतात अशा कोणत्याहि ठिकाणीं तिघांना तरी ‘सहज’ नागपूरास जाण्याचें कारण असावें. आणि त्यांतील बहुतेक जातच नाहींत, हेंहि त्याच पाहणीनें दाखविलें आहे.

हा आजार झांकूनहि चालला असता. परंतु गोळ्यांमुळें सकाळ जड जाई, आणि आमचा पहिला तास साडेसातचा. तो दुपारकडे सरकावा, एवढीच आमची गरज. गरज लहान, पण ती मागावयाची म्हणजे कारण सांगणें आलें. शिवाय सांगावयाचें तरी कोणास? आमचा पगार सरकार देतें, नेमणूक संस्था करते, आणि वेळापत्रक प्राचार्य लावतात. या तिघांत आमचा धनी कोण, हें इतक्या वर्षांच्या नोकरींतहि आम्हांस नीट उमगलेलें नाहीं. आमचे एक वकील मित्र म्हणाले, ‘कायले सांगता जी? गपचूप गोळ्या घ्या अन् तास घ्या. एकदां तोंडांतून गेलेला शब्द अर्ज देऊनहि परत मिळत नाहीं.’ दुसरे एक स्नेही सत्याचे पुजारी. न सांगणें ही लबाडीच, असें त्यांचें मत. पहिल्यांचें भय खोटें नव्हतें, हें आम्हांस ठाऊक होतें. दुसऱ्यांचें मत मात्र पटलें नाहीं. आजार हा गुन्हा नव्हे, कीं त्याची कबुली द्यावी. आणि जेथें कबुलीचें ऋणच नाहीं, तेथें मौनास लबाडी कसें म्हणावें?

कायदा काय म्हणतो, हें आम्हीं वकील मित्रांकडूनच समजून घेतलें. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या तेविसाव्या कलमानें रोग्याची माहिती गुप्त ठेवण्याचें बंधन उपचार करणारांवर घातलें आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यांत मानसिक आजाराचाहि समावेश आहे. नोकरींत असतां दिव्यांगत्व आलें म्हणून कोणास काढूं नये किंवा खालच्या पदावर उतरवूं नये, असें त्याचें विसावें कलम सरकारी आस्थापनांस बजावतें, आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थाहि त्यांत येतात. १७ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें धारीवाल खटल्यांत, केंद्रीय राखीव पोलीस दलांतील एका अधिकाऱ्यावरील शिस्तभंगाची कारवाई रद्द करतांना, मानसिक आजार हें अनेक कारणांपैकीं एक असलें तरी कायद्याचें संरक्षण मिळतें, असें ठरविलें. हें सारें ऐकून धीर आला. तथापि प्रत्येक नैराश्यास कायदा दिव्यांगत्व मानीत नाहीं. आणि कलमें कितीहि भक्कम असलीं तरी अध्यापककक्षांतील कुजबुजीस तीं लागू होत नाहींत. उलट, ज्यास कांहीं ठाऊकच नाहीं त्याच्याकडे सवलत मागतां येत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

या कोड्याचें उत्तर आम्हांस शेवटीं संत्र्याच्या बागेनें दिलें. बहर धरावयाचा म्हणजे आमच्याकडील बागाईतदार झाडाचें पाणी तोडतो; त्यास ताण देणें म्हणतात. आंबिया बहरासाठीं हा ताण हिंवाळ्यांत, मृग बहरासाठीं उन्हाळ्यांत. ताण बसल्यावांचून झाड बहरावर येत नाहीं. पण तो किती दिवस द्यावा हें जमिनीवर अवलंबून असतें. भारी काळ्या जमिनींत ओल टिकते, तेथें तो लांबतो. हलक्या मुरमाड जमिनींत तितकेच दिवस दिले तर झाड वाळूं लागतें. नोकरींतहि ताण देणारा कोणी तरी असतो, आणि जमीन कोणती हें त्यास ठाऊक असावें लागतें. मात्र तें सांगावें ज्याचा हात पाण्यावर आहे त्यास. त्यासाठीं बाजारांत दवंडी पिटण्याचें कारण नाहीं.

म्हणून आम्हीं तीन गोष्टी वेगळ्या केल्या: गरज, नांव आणि कथा. गरज सांगणें भागच होतें. नांव, गरज पटण्यापुरतें, एकासच सांगावें. आणि कथा आपल्याजवळ ठेवावी. प्राचार्यांना आम्हीं दोन वाक्यांत काय तें सांगितलें. ते बराच वेळ टेबलाच्या कांचेखालचें वेळापत्रक पाहात राहिले. मग हळूच म्हणाले, ‘सर, कागदावर काय लिहूं?’ आम्ही म्हणालों, ‘वैद्यकीय.’ तास साडेअकराचा झाला.

याची किंमत पडली नाहीं असें नाहीं. आतां सभेंत आम्ही गप्प बसलों कीं प्राचार्यांची काळजीची नजर आमच्याकडे वळते. आणि कोणाच्या मूर्खपणावर रास्त संतापलों, तरी गोळ्या चालू आहेत ना, असें ते बाजूस घेऊन विचारतात. पूर्वीं आमचा राग आमचा होता. आतां तो लक्षण झाला आहे. सांगणारानें एवढी तयारी ठेवावीच.

पण ज्या गोष्टीनें आम्हांस खरें विचारांत पाडलें ती पुढेंच आहे. गेल्या पावसाळ्यांत तासिका तत्त्वावर शिकविणारी एक तरुण सहकारी आमच्याकडे आली. आमचा तास कां बदलला, हें तिनें ओळखलें होतें. या वाटेनें गेलेल्यास दुसऱ्याचीं पावलें कळतात. तिनें विचारलें, ‘सर, मीहि सांगूं का?’ आणि आमचें तीन गोष्टींचें शास्त्र जागच्या जागीं थिजलें. जिची नेमणूक वर्षावर्षाची, जिला शिकविलेल्या तासांचेच पैसे मिळतात, आणि पुढच्या जूनमध्यें जिला न बोलावण्यास कोणासहि कारण द्यावें लागत नाहीं, तिला सांग म्हणणारे आम्ही कोण? आमचें धैर्य कायम नोकरीच्या भिंतीस टेकून उभें होतें. आम्ही म्हणालों, ‘बाई, आधीं उपचार. नागपूरास जाणें होईपर्यंत टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, रात्रींबेरात्रीं कोणी तरी बोलतें. डॉक्टरांचे कागद जपून ठेवा. सांगण्याचें मग पाहूं.’ ती बरें म्हणून गेली. पण तिच्या चेहऱ्यावर जें आम्हीं पाहिलें, तें समाधान नव्हतें.

तेव्हांपासून आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, सांगावें कीं न सांगावें हा प्रश्न सर्वांस सारखा नाहीं. ज्याचें सर्वस्व त्यावर अवलंबून आहे त्यानें गप्प राहावें, यांत भित्रेपणा नाहीं. परंतु ज्यांची नोकरी पक्की, केस पिकलेले आणि मुलें मार्गीं लागलेलीं, त्यांचें मौनहि जर तितकेंच घट्ट राहिलें, तर त्या मुलीस बोलण्याजोगें गांव कधींच मिळणार नाहीं. वाचक म्हणतील, कथा आपल्याजवळ ठेवावी असें म्हणणारा हा मनुष्य ती मासिकांत कां छापतो? कथा आमची आहे. ती केव्हां बाहेर काढावयाची, हें ठरविण्याचा अधिकारहि आमचा. हा अंक काटोलांत पांच-सात घरीं येतो, त्यांपैकीं एक घर आमच्या संस्थेच्या एका संचालकांचें आहे, हें आम्हांस पक्कें ठाऊक आहे.