पांढरा की पिवळा

घराला रंग काढला की वायरिंगही निघतंच. आमचं सांगलीचं घर सासऱ्यांनी ऐंशीच्या दशकात बांधलेलं. स्वयंपाकघरात लोखंडी पट्टीवर 40 वॅटची ट्यूब, जिन्यात साठचा बल्ब, देवघरात झिरोचा. ट्यूबचा चोक गुणगुणायचा आणि व्होल्टेज कमी असलं की स्टार्टर फिरवल्याशिवाय ती लागायची नाही. चोकसकट ती पन्नासेक वॅट खायची, त्या जागी आता 20 वॅटची एलईडी पट्टी पुरते. तेव्हा बदलायचं, यावर घरात एकमत होतं. वाद निघाला तो रंगावरून.

वायरमननं एका वाक्यात निकाल दिला, "सगळीकडं पांढरेच लावूया वहिनी, उजेड जास्त पडतोय." आमच्या गल्लीत सगळ्यांचं मत हेच. त्यामागं भारनियमनाच्या काळातली आठवण असावी, असं मला वाटतं. वीज आली तरी दाब इतका कमी असायचा की बल्बची तार नुसती लालसर दिसायची. त्या पिढीच्या लेखी पिवळा उजेड म्हणजे अपुरी वीज. त्यात 2015 च्या सुमाराला उजाला योजनेतले स्वस्त बल्ब घरोघरी आले आणि आमच्याकडं आलेले सगळे पांढरेच होते. योजनेनं किमती मात्र खरोखर उतरवल्या. 2014 मध्ये सरकारी खरेदीत 300 रुपयांच्या वर असलेला बल्ब 2016 पर्यंत 40 च्या आत आला.

दुकानात गेलं की "किती वॅटचा देऊ?" हाच पहिला प्रश्न. वॅट म्हणजे खर्च, उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. जुना साठचा बल्ब सातशेच्या आसपास ल्युमेन द्यायचा, आता चांगला 9 वॅटचा एलईडी नऊशे देतो. खोक्यावर तिसरा आकडा असतो केल्विनचा आणि घर सुखाचं वाटणार की दवाखान्यासारखं, हे तोच ठरवतो. 3000 पिवळसर, 4000 मधला, 6500 निळसर पांढरा. पांढऱ्यात उजेड जास्त असतोच असं नाही. ल्युमेन सारखे असले तरी डोळ्याला तो जास्त भासतो, एवढंच.

दुकानदार ओळखीचे. तिन्ही रंगांचे बल्ब त्यांनी बघायला घरी नेऊ दिले. स्वयंपाकघराच्या बाबतीत शेवटचा शब्द सासूबाईंचा. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी धान्य निवडायला दुसऱ्या कुणाला देत नाहीत. स्टीलच्या ताटात तांदूळ घेऊन बसल्या. 6500 चा लावला तसं त्यांनी ताट कलतं केलं. "अगं, हे डोळ्यात खुपतंय. पांढरा खडा कुठला आणि तांदूळ कुठला?" मग 3000 चा. तांदळाला चालला, पण तूरडाळ घेतली तर किडका दाणा आणि चांगला दाणा एकाच रंगाचे दिसायला लागले. 4000 च्या उजेडात त्यांचं बोट न अडखळता फिरायला लागलं. मला आणखी काही विचारायची गरज उरली नाही.

खरी सुधारणा मात्र जागेनं केली. जुनी ट्यूब ओट्यासमोर उभं राहिल्यावर पाठीशी यायची, त्यामुळं चिरताना आपलीच सावली विळीवर. नवी पट्टी वरच्या फळीच्या खाली, ओट्याच्या बाजूला घेतली. वीज कमी आणि उजेड हवा तिथं. घर बांधतानाच हे कुणाला सुचलं नाही, कारण ओट्याशी उभं राहणाऱ्या बाईला पॉइंट कुठं काढायचा हे विचारायची पद्धतच नव्हती.

झोपायच्या खोलीत 3000 चे घेतले. तिथं वेगळाच फरक दिसला. दोन कंपन्यांचे बल्ब, दोन्हींवर 3000 लिहिलेलं, पण एकाखाली माझ्या इरकलीचा तांबडा पदर विटकरी दिसत होता. एलईडीत मुळात निळा उजेड निघतो, त्यावरचा पिवळा लेप त्याला पांढरा करतो. हा निळा एलईडी साधल्याबद्दलच तीन शास्त्रज्ञांना 2014 चं नोबेल मिळालं. लेप हलका असला की तांबडा रंग मार खातो. खोक्यावर सीआरआय म्हणून आकडा असतो, तो निदान 80 हवा. नव्वदीचे महाग पडतात, मी कपाटासमोर एकच लावला. आकडा छापलेला नसेल तर तांबडं कापड धरून बघावं.

देवघरातला झिरोचा बल्ब काढताना सासूबाई कुरकुरल्या. "झिरोला बिल येत नाही." येत होतं. तो बल्ब पंधराएक वॅट खायचा, पण जुन्या मीटरची चकती एवढ्याशा भारानं इतकी सावकाश फिरायची की ते जाणवायचं नाही. आता तिथं अर्ध्या वॅटचा आहे.

जिन्यातला नवा बल्ब बटण बंद केल्यावरही अंधुक मिणमिणत होता. वायरमननं बोर्ड उघडून टेस्टर लावला. बटणावर फेजऐवजी न्यूट्रल जोडलेला, म्हणजे दिवा बंद असतानाही होल्डरमध्ये करंट. एवढ्या सूक्ष्म प्रवाहानं साठचा बल्ब पेटत नसे, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. त्याच होल्डरमध्ये सासरे स्टुलावर चढून बल्ब बदलायचे. वायर अदलाबदल करून घेतली आणि मग घरातले सगळेच बोर्ड तपासायला लावले.

न्हाणीघरातल्या बंद काचेच्या गोळ्यात मात्र वायरमननं एलईडी घालू दिला नाही. आत कोंडलेल्या उष्णतेनं बल्बच्या बुडातलं सर्किट लवकर जातं, मग तो उघडझाप करायला लागतो. तिथं उघडं फिटिंग बसवलं.

बिलाचं म्हणाल तर साठच्या जागी 9 चा बल्ब रोज पाच तास जळला, तर महिन्याला साडेसात युनिट वाचतात. महावितरणचा दर 100 युनिटनंतर चांगलाच चढतो आणि वाचलेली युनिटं त्या महागड्या टप्प्यातून वजा होतात, म्हणून रुपयांत फरक बरा दिसतो. पंखे अजून जुनेच आहेत, ते एकेक सत्तर-पंचाहत्तर वॅट ओढतात. पुढचा नंबर त्यांचा.

दुकानदारांनी सांगितल्याप्रमाणं प्रत्येक बल्बच्या बुडाशी मार्करनं तारीख घातलीय आणि बिलं रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलीत. दोन वर्षांची गॅरंटी आहे, ती घ्यायला तारीख दाखवावी लागते.