रूळ जमिनीवरून टेबलावर



वार्धक्यात माणसाच्या हातून एकेक गोष्ट सुटत जाते. वाहन चालवणे थांबते, बँकेचे व्यवहार मुलांकडे जातात, औषधांची वेळही दुसरा कोणी सांभाळू लागतो. अशा वेळी उरलेला एखादा छंद काढून घेण्यापूर्वी कुटुंबाने दहा वेळा विचार करावा, असे मला डॉक्टर म्हणून वाटते. मुलगा म्हणून त्याहून अधिक वाटते.

माझ्या वडिलांना विजेवर चालणाऱ्या जुन्या, खेळण्यातल्या आगगाड्या जमवण्याचा छंद आहे. पहिली गाडी त्यांच्या काकांनी विलायतेहून आणली. पुढच्या काही चोरबाजारात घासाघीस करून मिळवलेल्या. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३८ साली ‘हॉर्नबी डब्लो’ या नावाने ही गाडी बाजारात आणली. दोन रुळांमधील अंतर अवघे साडेसोळा मिलिमीटर. बारा व्होल्टचा प्रवाह मधल्या तिसऱ्या रुळातून इंजिनात येतो आणि बाहेरच्या रुळांतून परत जातो. १९५९ मध्ये दोन रुळांची पद्धत आली, १९६४ मध्ये कंपनीच दुसऱ्यांच्या हाती गेली आणि तीन रुळांची गाडी संग्राहकांपुरती उरली. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी १९९८ मध्ये सुरू केलेले लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना या चिमुकल्या विश्वाची ओढ वेगळी समजावून सांगायला नको.

वडिलांना चार वर्षांपूर्वी कंपवात जडला. गेल्या पावसाळ्यात जमिनीवर रूळ मांडून ते बराच वेळ बसले होते. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते पडले. मनगटाचे हाड मोडले, खुबा वाचला. घरात बैठक भरली. आत्या म्हणाली, “दादा, पुरे झाला आता हा पोरखेळ!” वडील काही बोलले नाहीत. प्लास्टर निघाल्यावर त्यांनी स्वतःच इंजिने खोक्यांत भरली. त्यानंतर त्यांचे जेवण कमी झाले, दुपारचे झोपणे वाढले. ही गप्प माघार मी दवाखान्यात पुष्कळदा पाहिली आहे.

मग पडण्याचे निदान नीट करावे, असे ठरवले. कंपवातात, आणि त्याच्या काही औषधांमुळेही, खालून एकदम उठताना रक्तदाब उतरतो. पाऊल पुरेसे उचलले जात नाही, त्यामुळे जमिनीवरचा रूळ किंवा वायर पायात अडकते. दोष गाडीचा नव्हता, जमिनीचा होता. आम्ही रूळ टेबलावर आणले. हात असलेली भक्कम खुर्ची ठेवली, वायरी भिंतीकडेने नेल्या आणि औषधाचा गुण येऊन हात मोकळे चालतात, तीच वेळ गाडीसाठी राखली.

तुमच्या घरीही असा छंद असेल, तर काही गोष्टी अवश्य पाहा. जुन्या ट्रान्सफॉर्मरवर भरवसा ठेवू नका. वायरींवरचे रबर कडक होऊन तडकते. जाणकाराकडून तपासून घ्या. अमेरिकेतून आलेल्या ‘लायोनेल’ गाडीचा ट्रान्सफॉर्मर साधारण ११० ते १२० व्होल्टसाठी केलेला असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावू नये. जुन्या रंगांत शिसे असू शकते, म्हणून हाताळणी झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि तोंडात वस्तू घालणाऱ्या बाळांपासून डबे दूर ठेवावेत. हात फार थरथरत असतील, तर मोठ्या मापाची गाडी बरी पडते. चाके रुळांवर बसवण्यासाठी उतरती पट्टी मिळते. तिच्यावरून डबा अलगद ढकलला की आपोआप जागेवर बसतो. आणि साफसफाईच्या भरात मूळ पुठ्ठ्याची खोकी रद्दीत घालू नका. संग्राहकाला ती गाडीइतकीच प्रिय असतात.

या छंदाने कंपवात बरा होत नाही. वडिलांचा हात आजही थरथरतो. एखाद्या दिवशी एकही डबा रुळावर चढत नाही, तेव्हा माझी मुलगी डबे लावते आणि कोणती गाडी कोणत्या मार्गाने जाईल, हे आजोबा सांगतात. हात थकला तरी निर्णय त्यांचाच राहतो. शुश्रूषा करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. मदत मागितली की द्यावी. काम हातातून ओढून घेऊ नये.

शेवटी एक नाजूक गोष्ट. संग्रहाचे पुढे काय, हा प्रश्न त्यांच्या माघारी सोडवण्यापेक्षा त्यांच्यासमोर बसून विचारावा. कंपवातात अक्षर बारीक होत जाते, म्हणून यादी वेळेवर करावी. आम्ही वडिलांना वही आणि जाड पेन दिले. तीन गाड्यांपुढे त्यांनी नातीचे नाव लिहिले आहे. ‘सर नायजेल ग्रेस्ले’ या निळ्या इंजिनापुढची जागा अजून कोरी आहे. त्यांना विचार करायला अवधी हवा आहे, आणि आम्ही घाई करत नाही.