रुळांपलीकडची वस्ती

ॲडलेडला नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना बाकीचे लोक समुद्र दाखवतात, मी लिटल गिल्बर्ट स्ट्रीटवरची मशीद दाखवतो. १८८८-८९ची दगडी इमारत. चार मिनार मागाहून, १९०३ साली चढले. पैसा उंटवाल्यांचा. थकलेले उंटवाले शेवटी इथेच येऊन राहत.

१८६६च्या सुमारास टॉमस एल्डर या व्यापाऱ्याने कराचीहून शंभरावर उंट आणि एकतीस माणसं पोर्ट ऑगस्टाला आणली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात. म्हणजे ते बंदर आणि माळेगाव बुद्रुक हे माझं गाव एकाच गव्हर्नरच्या अमलाखाली! पुढे पठाण, बलुच, सिंधी, पंजाबी असे हजारोंनी आले, साधारण तीन वर्षांच्या करारावर. गोऱ्यांनी सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ ठरवलं. १८७२ साली पुऱ्या झालेल्या ॲडलेड-डार्विन टेलिग्राफच्या तारेचं सामान, लोकरीचे गठ्ठे, खाणींची रसद त्यांच्या उंटांनी वाहिली.

माझ्या कचेरीतल्या एका बाईंचे पणजोबा त्यांतलेच. पणजी इथली आदिवासी. घरात नमाज कुणालाच येत नाही, पण डुकराचं मांस आजही शिजत नाही. का, ते त्यांना मोठेपणी कळलं. पणजोबा मारी या रेल्वेच्या गावात राहत. तिथे रुळांच्या एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि आदिवासी.

हे ऐकून मी त्यांना आमच्याकडच्या कोप्यांबद्दल सांगितलं. कारखान्याचा हंगाम लागला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्या घेऊन येतात, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडत राबतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की जातात. राहायला गावाबाहेर, उसाच्या पाचटाच्या कोप्यांत. आमच्या उसाचे पैसे त्यांच्या कोयत्यातून येतात. तरी गावजेवणाच्या पंगतीत मी त्यांना क्वचितच पाहिलं.

मोटारट्रक आले आणि उंटवाले नकोसे झाले. १९२५च्या कायद्याने दक्षिण ऑस्ट्रेलियात मोकाट उंटांना गोळ्या घालायची मुभा मिळाली. पुष्कळांनी आपल्या हातांनी मारण्यापेक्षा जनावरं वाळवंटात सोडून दिली. ‘घॅन’ ही रेल्वे १९२९ साली ॲलिस स्प्रिंग्जला पोचली; अफगाणांवरून पडलेलं ते नाव आता महागड्या सहलीच्या तिकिटावर छापतात. नाव ठेवायला कुणाचं काय जातं?

बाईंना पणजोबा सापडले सरकारी दप्तरात. १९०१च्या स्थलांतर कायद्यानंतर गोरेतर माणसाला मायदेशी जाऊन परत यायचं तर श्रुतलेखनाच्या परीक्षेतून सूट देणारा दाखला लागे. त्यावर फोटो, मागे पंजाचा ठसा. अपमानाचाच कागद, पण वंशजांच्या हाती तेवढाच पुरावा.

“तुमच्याकडे त्या मजुरांची नावं कुठे लिहिलेली असतात?” त्यांनी विचारलं.

मुकादमाच्या वहीत, मी म्हणालो. आणि उचल फिटली की ती वही कोण जपून ठेवतं, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. गावी फोन करून विचारलं, तर थोरला भाऊ हसला. म्हणाला, “ती रद्दी कशाला हवीय तुला?”