तिळारीचे फोटो

११ जानेवारी

तिळारीच्या जंगलात काढलेले फोटो आज ऑफिसनंतर उघडले. धनेशाचं नाव मामाने तिथेच सांगितलं होतं. उरले ते पानाआड लपणारे, बोटभर पक्षी. २०२० साली तिळारी संवर्धन राखीव क्षेत्र झालं. तिथल्या अशा लहान पक्ष्यांचीही नोंद नेमकीच व्हायला हवी.

पहिला बांडगुळावरचा. "तेका ती फळां खूप आवडतत," मामा म्हणाला होता. म्हणजे फुलटोच्या. इथे व्हाइटफील्डला आमच्या सोसायटीतल्या सिंगापूर चेरीवर येतो त्याची चोच फिकट, गुलाबीसर. फोटोतल्याची काळपट, शिवाय डोळ्यावर फिकी भुवई. निलगिरी फुलटोच्याच हा. बांडगुळाचं चिकट बी हे पक्षी फांदीला पुसतात आणि तिथेच नवं बांडगूळ रुजतं. म्हणून फोटोसोबत झाडाचं नावही लिहिलं: फणस.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारच्या अक्कांनी एळ्ळू-बेल्ला आणून दिलं.

दुपारी माशीमार घेतला. नारिंगी छाती दिसली की टिकेलचा निळा माशीमार म्हणायचा मोह होतो. पण सह्याद्रीत पांढऱ्या पोटाच्या निळ्या माशीमाराची मादीही नारिंगी छातीचीच असते. टिकेलच्या मादीची पाठ निळसर राखाडी, हिची तपकिरी आणि शेपूट तांबूस. दाट सावलीत निळा रंग मरतो, त्यामुळे पाठीवर भरवसा नव्हता. उडायच्या बेतातल्या एका फोटोत शेपूट उघडली आहे, स्वच्छ तांबूस! मादी सापडली, तीही पश्चिम घाटाबाहेर कुठेच न आढळणाऱ्या जातीची. फार आनंद झाला.

१८ जानेवारी

पर्णवटवट्या. हिरवट पाठ, फिकी भुवई, पंखावर एक पुसट पट्टी. हिरवट पर्णवटवट्या आणि मोठ्या चोचीचा पर्णवटवट्या दोघेही हिवाळ्यात दक्षिणेत येतात, दोघेही असेच दिसतात. पंखांवरची पट्टी तर पिसं झिजली की नाहीशीच होते. खरी ओळख आवाजाची. खिडकीसमोरच्या रेन ट्रीवर हिरवट पर्णवटवट्या सकाळभर 'चि-वी' करत होता. तिळारीचा फोटो मात्र मुका.

कुणी म्हणेल, जास्त शक्यता ज्याची त्याचं नाव द्यावं. मला ते पटत नाही. अंदाजाने दिलेलं नाव पुढे कुणीतरी पुरावा म्हणून वापरतो. फोटोखाली 'पर्णवटवट्या, जात अनिश्चित' एवढंच लिहिलं. वसंतात हे पाहुणे उत्तरेकडे परततात. त्याआधी फेब्रुवारीत तिळारीला जायचं, या वेळी रेकॉर्डर घेऊन. मामाला तसं फोनवर कळवलं.