औषधांचें गोत्र

ज्या घरांत पंधरावीस माणसें एकत्र नांदतात, तेथें कोणास काय सोसतें व काय सोसत नाहीं याची वही कोणी ठेवीत नाहीं. ती वडील बायकांच्या ध्यानांत असते. आमच्या घरीं हें काम आजीकडे होतें. तिच्या पश्चात् तें ज्ञान कोणीं सांभाळावें, हा प्रश्न काकूंच्या दुखण्यांत आम्हांपुढें उभा राहिला.

काकूंस तरुणपणीं पेनिसिलिनचें इंजेक्शन देतांच अंगभर गांधी उठून श्वास कोंडला होता. तेव्हांपासून त्यांच्या कागदांवर 'पेनिसिलिन वर्ज्य' असें लिहिलेलें असे. तरीही एके ठिकाणीं त्यांस ॲमॉक्सिसिलिनच्या गोळ्या लिहून मिळाल्या. चिठ्ठींत पेनिसिलिन हा शब्दच नव्हता; वाचणारास शंका यावी कशी? आमची धाकटी सून औषधशास्त्र शिकलेली. ती म्हणाली, "काकू, ह्या गोळ्या घेऊं नका. नांव निराळें, पण घराणें तेंच."

सोयरीक जुळवितांना आपण आडनांवावर थांबत नाहीं, गोत्र विचारतों. संगणकास औषधांचें व रोगांचें असें गोत्र शिकविण्याची जी व्यवस्था, तिला ऑन्टॉलॉजी म्हणतात. ती केवळ नांवांची यादी नव्हे. कोणतें औषध कोणत्या कुळांतलें, कोणता रोग कोणत्या इंद्रियाचा, हे संबंधही तींत नोंदलेले असतात. अमेरिकन व ब्रिटिश परिभाषा एकत्र करून २००२ सालीं सिद्ध झालेली 'स्नोमेड सीटी' ही अशीच व्यवस्था होय. तींत साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत, व २०१४ पासून भारतही तिचा सभासद आहे. 'हार्ट ॲटॅक' म्हणा कीं 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' म्हणा, तिच्या लेखीं दोहोंचा क्रमांक एकच: २२२९८००६.

ह्या ज्ञानाच्या आधारें रोग्याच्या कागदांवर नजर ठेवणाऱ्या आज्ञावलीस 'एजंट' म्हणतात. डॉक्टरांनीं ॲमॉक्सिसिलिन लिहितांच ती त्याचें कूळ शोधीत पेनिसिलिनपर्यंत पोंचते, आणि औषध हातीं पडण्यापूर्वींच सावध करते. संगणकाकडून वैद्यकीय सल्ला घेण्याची कल्पना जुनीच आहे. १९७० नंतरच्या दशकांत स्टॅनफर्ड विद्यापीठांत शॉर्टलिफ यांनीं 'मायसिन' रचिलें. तें कांहींशें नियमांवरून जंतुदोषावर औषध सुचवीत असे. मात्र नित्याच्या उपचारांत तें कधींच आलें नाहीं.

ह्या पहारेकऱ्यासही मर्यादा आहेत. तो ऊठसूट ओरडूं लागला, तर डॉक्टर त्याकडे कानाडोळा करूं लागतात. शिवाय जें नोंदलेंच नाहीं, तें त्यास कळत नाहीं. आणि जें मोघम नोंदलें, त्यानें दिशाभूल होते. पेनिसिलिन सोसत नाहीं असें ज्यांच्या कागदावर असतें, त्यांपैकीं बहुतेकांस तपासणीअंतीं तें सोसतें, असें दिसून आलें आहे! अशांस विनाकारण चांगल्या औषधास मुकावें लागतें.

तेव्हां कोणतें औषध, कोणत्या सालीं, आणि घेतल्यावर नेमकें काय झालें, हें प्रत्येक घरानें लिहून ठेवावें. यंत्रास गोत्र शिकवितां येईल. परंतु घरची हकीकत घरच्यांनींच सांगितली पाहिजे, आणि ती ज्यांस ठाऊक आहे तीं माणसें आपल्यांत आहेत तोंवरच सांगितली पाहिजे.