१६ तास बाकी…

रात्रीचे साडेआठ. करवंद नाक्याजवळचं आमचं घर, वरच्या मजल्यावरची माझी जुनी अभ्यासाची खोली आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर एक निळी पट्टी. तिच्याखाली लिहिलेलं : '१६ तास बाकी'. डेडलाईन होती सकाळी दहाची. म्हणजे गणित मुळातच गंडलेलं!

बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी पुण्याहून शिरपूरला आले, ती 'वर्क फ्रॉम होम'चा फुल्ल टू प्लॅन डोक्यात घेऊनच. फ्रीलान्स जर्नलिस्टला काय हो, लॅपटॉप आणि नेट असलं की झालं. घरात फायबर आलेलं, चांगलं २०० एमबीपीएसचं. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं वाचणार, आईच्या हातची कळण्याची भाकरी, झणझणीत शेवभाजी… जमलंच तर कायमचंच इथे राहावं, असंही मनात घोळत होतं. त्या रात्री फक्त कॅलिफोर्नियातल्या एका एडिटरला ४० जीबीचं फूटेज पाठवायचं होतं.

पण पट्टी सेकंदाला ७०० केबीच्या पुढे सरकेना. राउटर बंद-चालू करून झाला. वायफाय सोडून केबल लावून झाली. कस्टमर केअरच्या मुलानं स्पीड टेस्ट करायला लावली, तर काटा थेट २०० वर! 'मॅडम, आमच्याकडून सगळं ओके आहे.' मी मनातल्या मनात त्याला… जाऊ दे.

मग मी तेच केलं, जे गावाकडून शहरात गेलेलं कुणीही करतं. एडिटरला मेल टाकला : सॉरी, मी सध्या लहान गावात आहे, इथलं नेट असंच असतं. आणि साडेदहाच्या स्लीपरचं पुण्याचं तिकीट काढलं. सकाळी मैत्रिणीच्या फ्लॅटवरून अपलोड करायचं.

बॅग भरताना आई दारात आली. 'आते काय व्हयनं?' सकाळी बाबांचे टाके काढायला जायचं होतं. माझ्याशिवाय त्यांना नेणारं घरात कुणी नव्हतं. मी नेट, डेडलाईन वगैरे सांगत बसले. बाबा खालच्या खोलीतून काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

नऊला मामेभाऊ डबा घेऊन आला. इथल्याच एका कॉलेजात कम्प्युटर लॅब सांभाळतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून देणाराही तोच. स्क्रीनकडे बघून त्याचा पहिला प्रश्न : 'पिंग किती येतोय?'

२५० मिलिसेकंद. म्हणजे इथून निघालेला डेटा कॅलिफोर्नियाला पोचून 'मिळाला' असा निरोप परत यायला पाव सेकंद.

'मग झालं तर,' तो म्हणाला. 'हे बघ, कापसाचा व्यापारी आहे. दारात चौपदरी मुंबई-आग्रा हायवे. पण त्याचा नियम असा, की पाच गाड्या पाठवायच्या आणि पावत्या हातात पडेपर्यंत सहावी सोडायची नाही. हायवे कितीही रुंद केला तरी काय फायदा?'

मासकॉमवाल्या मेंदूला हे पटकन पटलं. कम्प्युटर पाठवलेल्या डेटाची कॉपी पावती येईपर्यंत स्वतःकडे ठेवतो, वाटेत काही हरवलं तर परत पाठवता यावं म्हणून. ती ठेवायची जागा म्हणजे 'बफर'. बफर भरला की पाठवणं बंद, नुसती वाट बघायची. १९८१ साली टीसीपीचे नियम लिहिले गेले, तेव्हा एका वेळी वाटेवर असू शकणाऱ्या डेटाची कमाल मर्यादा होती ६५,५३५ बाइट्स. तेव्हा ती भरपूर वाटली असणार! १९९२ मध्ये ती वाढवायची सोय आली. पुढे विंडोज व्हिस्टा, लिनक्स वगैरे गरजेप्रमाणे ती आपोआप वाढवू लागले.

'किती जागा लागते?' मी विचारलं. त्यानं वहीवर मांडलं. २०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २५ एमबी. पाव सेकंदाला सव्वासहा एमबी. तेवढा डेटा सतत वाटेवर असला, तरच पाइप भरलेला राहणार.

मग त्यानं सेटिंग्जची फाइल उघडली… आणि एकदम गप्प झाला.

फाइलमध्ये बफरची कमाल मर्यादा होती २,६२,१४४ बाइट्स. पाव एमबी! त्या ओळी त्याच्याच होत्या. इंजिनिअरिंगला असताना, २००९च्या आसपास, 'नेट सुसाट करा' छाप कुठल्याशा टिपमधून उतरवलेल्या. तेव्हापासून प्रत्येक मशीनवर तो तीच फाइल टाकत आलेला. गंमत म्हणजे लिनक्सची आपोआप वाढणारी मर्यादा २००६ पासूनच ४ एमबीपर्यंत गेली होती. म्हणजे सुसाट करायच्या नादात भाऊरायांनी ब्रेकच लावून ठेवला होता! पाव सेकंदाला पाव एमबी, म्हणजे सेकंदाला फार तर एक. प्रत्यक्षात त्याहून कमी.

'मग स्पीड टेस्ट?'

'ती जवळच्या सर्व्हरवर होते, आणि एकाच वेळी अनेक कनेक्शन्स उघडून. पावती चुटकीसरशी येते, मग बफर छोटा असला तरी चालतो.'

४ एमबीचा डिफॉल्टही माझ्या लाइनला अपुराच पडला असता. कागदावर १३४ एमबीपीएसला अडकला असता. म्हणून त्यानं १६ एमबी केले. समोरचं सर्व्हरही तयारीचं निघालं, नाहीतर तिकडे घ्यायला जागा नसती तर आपल्याकडे ओतून उपयोग नव्हता.

खालून बाबांचा आवाज आला. 'म्हणजे शिरपूर पॅटर्नच की! पाऊस तेवढाच, नाला खोल केला.' २००४च्या सुमारास भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी आमच्या तालुक्यात नाले खोल-रुंद करून बंधारे बांधायला घेतले, तेव्हापासून बाबांची प्रत्येक उपमा तिथूनच येते.

'अर्धंच बरोबर आत्याजी,' भाऊ म्हणाला. 'नाल्यात पाणी साचलं तर फायदा. राउटरमध्ये डेटा साचला, की घरातले सगळे कॉल अडखळतात.' त्या दुखण्याला 'बफरब्लोट' म्हणतात, आणि त्यावरून दोघांची जी जुंपली ती पार जेवणापर्यंत. मला पट्टीशी मतलब होता.

'३६ मिनिटं बाकी'.

तिकीट रद्द केलं, अर्धे पैसे बुडाले. सकाळी बाबांना घेऊन गेले. टाके काढताना त्यांनी माझा हात असा काही दाबला, की डॉक्टर हसले. दुपारी एडिटरचं उत्तर आलं : फूटेज मिळालं, 'लहान गाव' फास्ट आहे की!

त्याला काय सांगणार? पुण्यातही याच लॅपटॉपवरून परदेशी फाइल्स अशाच रखडायच्या. तेव्हा मी दोनदा नेट कंपनी बदलली होती. 'पुणं असंच असतं' असा मेल मात्र एकदाही टाकला नव्हता.