जुन्या रायफलीची साक्ष

ब्राह्मणाच्या घरांत बंदूक कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. आमच्या घरांत तो प्रथम आमच्या सौभाग्यवतीनेंच विचारला. त्यावर आम्हीं जें उत्तर दिलें, तें अर्धें खरें व अर्धें आमच्या मनाच्या समजुतीचें होतें. ती समजूत कशी बनली व कशी उतरली, तेंच येथें सांगावयाचें आहे.

आमचे थोरले मामा १९४३ सालीं पलटणीबरोबर इटलींत गेले, ते परत आले नाहींत. त्या देशांत सांग्रो नदीजवळ, अग्निसंस्कार झालेल्या हिंदी सैनिकांचें एक स्मारक आहे. तेथील पांचशेंहून अधिक नांवांत मामांचें एक. आमची आई तेव्हां सात वर्षांची होती. भावाची तिच्याजवळ एकच खूण उरली: बेळगांवच्या मराठा पलटणीच्या शिक्षणकेंद्रांत काढलेलें छायाचित्र. मामा ताठ उभे आहेत आणि त्यांच्या हातांत रायफल आहे.

नोकरीच्या निमित्तानें आम्ही बरींच वर्षें अमेरिकेंत आहों, व आईही आतां आमच्याजवळच असते. या देशांत निरनिराळ्या सैन्यांनीं निकालांत काढलेल्या जुन्या रायफली दुकानांतून कायदेशीर रीतीनें विकत मिळतात. अशाच एका दुकानांत एके दिवशीं सहज डोकावलों असतां, लांकडी दस्ता जेथें लोखंडाला मिळतो तेथें, एका रायफलीवर आम्हांस 'ईशापूर' हें नांव कोरलेलें दिसलें. कलकत्त्याजवळचें, हुगळीकांठचें ईशापूर! वर मुकुट, जी. आर. आय. हीं अक्षरें आणि १९४२ हें साल. आम्ही महाराष्ट्रांतले असें कळतांच दुकानदार म्हणाला, "मग ही तुमच्या मराठा पलटणीचीच. इटलींतून आलेली." आम्हीं घासाघीसही केली नाहीं. घरीं येऊन आईला सांगितलें, "मामांच्या पलटणीची रायफल आणली." ती कांहीं बोलली नाहीं, नुसता दस्त्यावरून हात फिरविला.

पुढें रिकाम्या वेळीं आम्हीं या विषयावरचीं पुस्तकें वाचलीं. ही ली-एन्फील्ड जातीची रायफल. बोल्ट व मॅगझिन यांची योजना जेम्स पॅरिस ली याची, आणि नळीच्या आंतील आट्यांची योजना इंग्लंडांतील एन्फील्डच्या कारखान्याची. म्हणून हें जोडनांव. मॅगझिनांत दहा काडतुसें राहतात व नळीचें माप .३०३ इंच. तिचा तिसरा नमुना १९०७ चा. पहिल्या महायुद्धाच्या घाईंत, १९१६ सालीं, त्यांतील कांहीं भाग गाळून तो सोपा केला, आणि ओळखीसाठीं आंकड्यापुढें एक तारा कोरूं लागले. ईशापूरचा रायफलींचा कारखाना १९०४ मधला. या नमुन्याचें तोंड बोथट असतें. नळी लोखंडी टोपणाच्या बाहेर जवळजवळ येतच नाहीं. मामांच्या छायाचित्रांतली रायफलही तशीच बोथट तोंडाची आहे. आमचा विश्वास वाढतच चालला.

परंतु रायफलीची ओळख एका नांवावर पुरी होत नाहीं. तिचा क्रमांक मुख्य लोखंडी अंगावर, नळीवर, बोल्टच्या मुठीमागें, पुढच्या टोपणावर असा अनेक ठिकाणीं असतो, व ते सर्व जुळले तरच ती जन्मापासून एकत्र राहिली असें म्हणतां येतें. आमच्या रायफलीच्या अंगाचा व बोल्टचा क्रमांक एक निघाला, टोपणाचा निराळा. नळीवर सालाचे दोनच आंकडे असतात; ते होते ५०. पुढच्या लांकडांतून एक स्क्रू आडवा गेलेला होता. लांकूड फुटूं नये म्हणून तो घालण्याची हिंदुस्थानांतली रीत आहे. एकूण, १९४२ च्या अंगावर १९५० ची नळी चढवून स्वतंत्र हिंदुस्थानांत ही रायफल पुन्हां वापरांत आणली होती. पलटणीची खूण एकही नव्हती. ती इटलीस गेली होती कीं नाहीं, हें तिच्या अंगावर कोठेंच लिहिलेलें नाहीं. दुकानदाराचे शब्द तेवढे आमच्या पदरांत राहिले, आणि शब्दांना क्रमांक नसतो.

निगेच्या बाबतींतही आमची अशीच फसगत व्हावयाची होती. जुनें शस्त्र सांभाळणें म्हणजे तें नवें करणें, या समजुतीनें लांकूड घासून वार्निश चढविण्याचा व लोखंड चकचकीत करण्याचा आमचा बेत होता. एका जाणत्या संग्राहक गृहस्थांनीं वेळींच हात धरला. लांकूड घासलें कीं त्यावरचे ठसे जातात, व ठसे गेले कीं शस्त्र मुकें होतें. म्हणून आम्हीं गोदामांतलें जाड ग्रीज टर्पेंटाइननें भिजविलेल्या फडक्यानें पुसलें, लांकडास जवसाच्या कच्च्या तेलाचे पातळ हात चोळून दिले, आणि गंज तेल लावून जाड्याभरड्या कापडानें हलकेच उतरविला. ओरखडे होते तेथेंच ठेवले.

नळीची गोष्ट निराळी. जुन्या काडतुसांच्या टोपींत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचा क्षार नळींत राहतो, हवेंतली ओल ओढतो व पोलाद खातो. हा क्षार तेलांत विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळतो. म्हणून त्या काळचे शिपाई नळींतून कढत पाणी ओतीत, दोरीला बांधलेलें फडकें ओढून ती कोरडी करीत, आणि मगच तेल देत. दस्त्याच्या पितळी तळाला झांकण असतें; त्याच्या आंत ती दोरी व तेलाची बाटली ठेवीत. आमच्या रायफलींत दोरी तेवढी सांपडली.

आणखी एक सूचना. अशी रायफल आणतांच उडवूं नये. बोल्ट मिटल्यावर काडतुसाच्या कडेस किती जागा उरते, हें जाणत्या कारागिराकडून मोजून घ्यावें, ती.०६४ पासून .०७४ इंचापर्यंत असावी लागते. जिच्यावर डी. पी. हीं अक्षरें असतील ती केवळ कवाइतीची; तींत काडतूस कधींही घालूं नये. ईशापूरनेंच पुढें ७.६२ मिलिमीटरची, दिसण्यांत अशीच एक रायफल केली. तिचें मॅगझिन अधिक चौकोनी असतें. एकीचें काडतूस दुसरीस चालत नाहीं. आमची रायफल आम्हीं उडविलीच नाहीं. ती एका कपाटांत व बोल्ट दुसऱ्या कपाटांत, असें दोन्ही कुलूपबंद असतें, आणि घरांत काडतूस एकही नाहीं. या अटीवरच सौभाग्यवतींचा रुकार मिळाला.

खंडेनवमी जवळ आली तेव्हां आईनें मामांच्या छायाचित्रापुढें रायफलीसाठीं जागा झाडून ठेवली. आमच्या घशाशीं घांस अडकूं लागला. शेवटीं आदल्या रात्रीं सर्व सांगितलें: ही मामांची नव्हे, त्यांच्या पलटणीची म्हणण्यासही आधार नाहीं, एवढेंच निश्चित कीं १९५० नंतर ती हिंदुस्थानांत पलटणींतून वापरली गेली.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरं झालं रे. त्याची असती तर मला ती बघवली नसती. तूं हौसेनं आणलीस म्हणून बोललें नाहीं." थोड्या वेळानें पुन्हां म्हणाली, "बंदूक परत आली म्हणतोस ना? मग ती धरणारा मुलगाही परत आला असेल."

रायफल जेवढें सांगते त्याहून अधिक तिच्या तोंडीं घालूं नये, हें आम्ही महिनोन् महिने शिकलों होतों. तरी त्या रात्रीं आम्हीं आईला दुरुस्त केलें नाहीं. सकाळीं विळी, कात्री व अडकित्त्याच्या ओळींत रायफल ठेवली, बोल्ट काढलेली. आईनें सर्वांस हळदकुंकू वाहिलें. आणि एक झेंडूचें फूल, कोण कुणाचा त्या मुलाच्या नांवानें, त्या दस्त्यावर ठेवलें.